टर्न-रिव्हरचा ब्लफ शिकवणारा ट्रेनर, चार महिने वापरून झाल्यावर

नाव लिहीत नाही कारण पुढे थोड्या शिव्या पण घालणार आहे, उगाच कोणाची जाहिरातही नको आणि बदनामीही नको. पण ज्यांनी पोकर शिकायची दोन-चार अ‍ॅप्स चाळलीत त्यांना प्रकार लगेच कळेल, आत सॉल्व्हरची (गणिताने योग्य चाल काढणाऱ्या प्रोग्रामची) उत्तरं भरून ठेवलेली असतात, तो तुम्हाला पत्ते देतो, तुम्ही बेट (पैसे लावणं) की चेक (न लावता पुढे जाणं) ते सांगायचं आणि मग हिरवा, पिवळा, लाल असा निकाल. याची खासियत एवढीच की फ्लॉपच्या, म्हणजे सगळ्यांसाठी उघडे पडणाऱ्या पहिल्या तीन पत्त्यांच्या, आधीचं हा काही शिकवतच नाही (चौथा पत्ता टर्न, पाचवा रिव्हर). फ्लॉपला बेट मारून झाला, समोरच्याने कॉल केला (तेवढेच पैसे लावून टिकला), आता पुढे काय, सगळा भर त्यावर. आणि माझी नेमकी तीच बोंब होती.

फ्लॉपला सी-बेट (आधी बोली वाढवणाऱ्यानेच फ्लॉपला पुन्हा मारलेला बेट) मारायला काही लागत नाही हो, सगळेच मारतात आणि बऱ्याचदा समोरचा तिथेच टाकून देतो. पण तो कॉल करतो, टर्न पडतो आणि माझ्या हातात अजूनही काहीच नसतं, तिथून पुढे माझे दोनच अवतार होते. एक दिवस घाबरून सगळीकडे चेक, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाच्या चिडीवर उसनं अवसान आणून टर्न पण मारायचा रिव्हर पण मारायचा, मग समोरच्याने सेकंड पेअरने (टेबलवरच्या दुसऱ्या नंबरच्या पत्त्याच्या जोडीने) कॉल करून पॉट, म्हणजे मधे जमलेले सगळे पैसे, ओढून नेला की अर्धा तास टिल्ट, म्हणजे चिडून वाटेल तसं खेळणं. मधलं काही नव्हतंच. ब्लफ (हातात काही नसताना मारलेली थाप) चालू ठेवायचा की सोडायचा हे मी पत्ते बघून ठरवतच नव्हतो, मूड बघून ठरवत होतो.

आत दोन गोष्टी आहेत, व्हिडिओ आणि ड्रिल. व्हिडिओंपैकी सुरुवातीचे तीन-चार सरळ सोडून द्या, बोलणारा माणूस इतका हळू बोलतो की मी दीडपट स्पीडला लावले तरी झोप आली. पण पाचव्यात एक हिशोब आहे आणि तो एकटा हिशोब म्हणजे माझ्या मते अर्धे पैसे वसूल.

हिशोब असा. समजा तुम्ही तिन्ही स्ट्रीटला (फ्लॉप, टर्न, रिव्हर) पॉटएवढा बेट मारताय. रिव्हरला समोरच्याला तो कॉल करायला तीनातून एकदा बरोबर असलं तरी पुरतं, म्हणून तुमच्या रिव्हर बेटमध्ये दोन खऱ्या (म्हणजे खरंच चांगल्या) हातांमागे एक थाप, त्यापेक्षा जास्त झाल्या तर तो डोळे मिटून कॉल करेल आणि कमी झाल्या तर डोळे मिटून टाकेल. आता इथून उलटं मागे यायचं. फ्लॉपला १०० हात बेट केले तर त्यात साधारण ३० खरे आणि ७० ब्लफ. टर्नला ते ३० खरे सगळेच्या सगळे, पण ७० मधले फक्त ३७. रिव्हरला ३० खरे आणि ब्लफ उरले १५. म्हणजे फ्लॉपला सुरू केलेल्या ७० थापांपैकी शेवटपर्यंत न्यायच्या १५, पाचातली एक. टर्नला मारलेल्या दहा ब्लफपैकी रिव्हरला पुन्हा मारायचे चार, सहा वेळा मुकाट्याने चेक करून पॉट सोडून द्यायचा.

हे कागदावरचं आहे हे मान्य, यात असं धरलंय की ड्रॉ (एखाद्या पत्त्याची वाट बघणारे अपुरे हात) लागत नाहीत, खरा हात शेवटपर्यंत खराच राहतो, बेट कायम पॉटएवढाच असतो, प्रत्यक्षात यातलं काहीच तसं नसतं. रिव्हरला अर्धा पॉट मारलात तर चार बेटमधला एकच ब्लफ परवडतो, दुप्पट पॉटचा ओव्हरबेट मारलात तर पाचातले दोन. आकडे हलतात. पण आकार तोच राहतो, वरून रुंद आणि खाली निमुळता. मी काय करत होतो तर एक दिवस ७० चे ७० रिव्हरपर्यंत ओढत होतो आणि दुसऱ्या दिवशी ७० चे ७० टर्नलाच टाकत होतो. सरासरी काढली तर कदाचित बरोबर पण येईल, पण सरासरीने पॉट मिळत नाही ना.

आणि यातून दुसरी एक गोष्ट डोक्यात शिरली जी मला इतकी वर्षं कोणी सांगितली नव्हती, म्हणजे सांगितली असेल पण मी ऐकली नव्हती, की टर्नला सोडून देणं हा पराभव नाहीये, तो प्लॅनचाच भाग आहे. फ्लॉपचा ब्लफ मारतानाच माहीत असतं की यातले निम्म्याच्या आसपास पुढे जाणार नाहीत.

आता ड्रिल. ड्रिलमध्ये एक फीचर आहे ज्यासाठी मी हा ट्रेनर कोणालाही सुचवेन. टर्न दाखवायच्या आधी तो विचारतो, कुठले पत्ते पडले तर तू मारणार? दुर्रीपासून एक्क्यापर्यंत सगळे मांडलेले असतात, टिक करायचं, मगच टर्न उघडतो. पहिले काही दिवस मला हा वैताग वाटला, बंद करायचं बटण शोधलं, सापडलं नाही, बरं झालं सापडलं नाही.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. तुम्ही बटनवरून (सगळ्यात शेवटी बोलायच्या जागेवरून) रेझ केलाय, म्हणजे बेट वाढवलाय, बिग ब्लाइंडने (पत्ते बघायच्या आधीच ठराविक पैसे लावावे लागणाऱ्याने) कॉल केलाय, दोघांकडे १०० बिग ब्लाइंड, म्हणजे त्या ठराविक रकमेच्या शंभरपट पैसे. तुमच्याकडे इस्पिकचा गुलाम आणि इस्पिकची दश्शी. फ्लॉप बदामची राणी, बदामची अठ्ठी, किलवरची चौकी. नव्वीचा गटशॉट आहे (मधली नव्वी आली तरच स्ट्रेट, म्हणजे ओळीने पाच पत्ते), बाकी काही नाही. बेट मारला, कॉल आला. मी काय केलं तर एक्का, राजा, बदाम, छोटे पत्ते, सगळ्यावर टिक. म्हणजे थोडक्यात काही पण येऊ दे मी मारणारच. ट्रेनरचं उत्तर असं की एक्का किंवा राजा आला तर मार, छोटा पत्ता आला तर कधी मार कधी सोड, आणि चौकीची किंवा अठ्ठीची जोडी झाली तर बहुतेक वेळा सोड. कारण काय, तर राजा पडला की तुमच्याकडे एका झटक्यात एक्का आणि नव्वी असे ८ पत्ते होतात स्ट्रेटचे, एक्का पडला तर राजा आणि नव्वी, पुन्हा ८. उरलेल्या ४६ पत्त्यांतले ८ म्हणजे १७ टक्के, कॉल आला तरी सगळं बुडालं नाही. नुसता गटशॉट घेऊन बसलात तर ते ९ टक्क्यांच्या खाली. दुसरं म्हणजे मोठा पत्ता पडला की तो तुमच्याकडे जास्त असतो, एक्का-राजासारखे हात बिग ब्लाइंडवाल्याने आधीच री-रेझ केले असते, त्याने नुसता कॉल केलाय म्हणजे तुमच्या गोष्टीला वजन येतं. आणि चौकीची जोडी झाली तर उलटं, चौकीवाले हात त्याच्याकडेच जास्त. तुम्ही कुठली गोष्ट सांगताय?

गोष्ट हा शब्द व्हिडिओतला माणूस सारखा वापरतो आणि पहिल्यांदा मला तो फिल्मी वाटलेला, पण बरोबर आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण मुठीत सव्वा लाख असू शकतात असं समोरच्याला वाटलं तर पाहिजे.

रिव्हरचा भाग सगळ्यात चांगला आणि सगळ्यात जास्त लागलेला. वरचाच हात पुढे न्या. टर्न चौकटचा राजा, तुम्ही मारला, कॉल. रिव्हर किलवरची दुर्री. काही लागलं नाही. आता दोन हात शेजारी ठेवा. एक, तुमचा इस्पिकचा गुलाम-दश्शी. दोन, बदामचा एक्का आणि बदामची पंजी, म्हणजे चुकलेला फ्लश ड्रॉ (फ्लश म्हणजे एकाच चिन्हाचे पाच पत्ते). मारायचा कुठला?

मी आयुष्यभर दुसरा मारत आलो. चुकलेला फ्लश दिसला की माझा हात आपोआप चिप्सकडे जायचा, डोक्यात एकच, आता जिंकायचा दुसरा मार्गच नाही. ट्रेनरने मला त्यावर इतके लाल दिले की एकदा वाटलं अ‍ॅप बिघडलंय. पण विचार करा, रिव्हरला समोरचा टाकणार काय? त्याचेच चुकलेले बदाम. आणि ते बदाम तुमच्या हातात असतील तर त्याच्याकडे असायची शक्यता कमी, म्हणजे जे हात टाकले जाणार होते तेच तुम्ही अडवून बसलाय आणि जे कॉल करणार ते सगळे जागेवर. वर एक्का-हाय (जोडी नाही, नुसता एक्का मोठा) चेक केला तर त्याच्या चुकलेल्या ड्रॉला हरवतोसुद्धा. गुलाम-दश्शीचं नेमकं उलट. त्यात बदाम नाही म्हणून त्याचे चुकलेले फ्लश सगळे शाबूत, आणि गुलाम किंवा दश्शी तुमच्याकडे असल्यामुळे राजा-गुलाम, राजा-दश्शी, राणी-गुलाम, राणी-दश्शी असे कॉल करणारे हात कमी होतात. आणि चेक केला तर गुलाम-हायने कोणालाच हरवणार नाही. मारायचा तो हा.

हे लिहिताना सोपं वाटतंय. टेबलवर १५ सेकंदात सुचायला मला दीड महिना लागला.

उलट केस पण येते. रिव्हरला तिसरा बदाम पडला आणि तुमच्याकडे फ्लश नाही पण बदामचा एक्का आहे, तर तो मारायला मस्त हात, कारण नट फ्लश (सगळ्यात मोठा फ्लश) समोर असूच शकत नाही. ब्लॉकर (समोरच्याचे हात अडवणारा आपल्या हातातला पत्ता) हा शब्द सगळे वापरतात हो, पण कुठला हात अडवतोय, कॉल करणारा की टाकणारा, हे विचारायचं राहून जातं. माझं तरी राहायचं.

एका व्हिडिओत २००३ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमधला तो प्रसिद्ध हात घेतलाय, क्रिस मनीमेकर आणि सॅम फार्हा, ८३९ जणांतून शेवटी हे दोघंच उरलेले. बोर्ड, म्हणजे टेबलवरचे उघडे पत्ते, इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री, इस्पिकची छक्की, टर्नला इस्पिकची अठ्ठी, रिव्हरला बदामची तिर्री. फार्हाकडे राणी-नव्वी म्हणजे टॉप पेअर, मनीमेकरकडे इस्पिकचा राजा आणि बदामची सत्ती. टर्नला मनीमेकरने रेझ केला, रिव्हरला काहीच न लागता ऑल-इन (सगळे चिप्स आत), आणि फार्हाने टाकला. लोक हा हात हिमतीसाठी सांगतात. पण पत्ते बघा ना, टर्नला त्याच्या नजरेतून ९ इस्पिक आणि वर स्ट्रेटच्या ६ बिनइस्पिक दश्श्या-पंज्या, १५ पत्ते, म्हणजे जवळपास तीनातून एकदा लागणार. टर्नचा तो ब्लफ अर्धामुर्धाच होता. आणि रिव्हरला हातात इस्पिकचा राजा आणि सत्ती, राजाने मोठे फ्लश अडवले, सत्तीने स्ट्रेट अडवले. त्याने तेव्हा एवढा विचार केला होता की नाही ते त्यालाच माहीत, पण मूर्खासारखा मारलेला नक्कीच नव्हता. हा व्हिडिओ दोनदा बघितला मी.

आता शिव्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी. या ट्रेनरमधला समोरचा माणूस फार शहाणा आहे. अर्ध्या पॉटच्या बेटवर तो आपल्या हातांपैकी ६७ टक्के ठेवतो, पॉटएवढ्या बेटवर ५०, पुस्तकात लिहिलंय तसं. खऱ्या टेबलवर असा माणूस मला क्वचित भेटलाय. मी ज्यांच्याशी खेळतो त्यातले निम्मे फ्लॉपला काय पण घेऊन कॉल करतात आणि मोठा बेट दिसला की रिव्हरला घाबरतात, त्यांच्यावर रिव्हर जास्त मारला पाहिजे. आणि एक-दोन असे आहेत की एकदा जोडी लागली की घर जळलं तरी टाकणार नाहीत, त्यांच्यावर ब्लफ म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, तिथे ७०-३७-१५ चा हिशोब गुंडाळून ठेवायचा आणि फक्त खरा हात असेल तेव्हा मारायचा, तो पण मोठा. ट्रेनरमध्ये समोरच्याची सवय बदलायची सोयच नाही. सॉल्व्हर स्वतः चालवणाऱ्यांना हे करता येतं, इथे नाही. मी सपोर्टला लिहिलं, दोन दिवसांनी उत्तर आलं की आपली सूचना टीमपर्यंत पोचवली आहे. पोचली असेल, अजून चालत येत असेल बिचारी.

पहिल्या महिन्यात याचा मला फटका पण बसला. ड्रिलमध्ये हिरवे हिरवे मिळायला लागले, म्हटलं आता आपण तयार, आणि टेबलवर अशाच एका न टाकणाऱ्याला मी ट्रेनरने शिकवलेला एकदम देखणा तिसरा बॅरल, म्हणजे फ्लॉप-टर्ननंतर रिव्हरचा बेट, मारला. ब्लॉकर बरोबर, गोष्ट बरोबर, साइज बरोबर. त्याने थर्ड पेअरने दोन सेकंदात कॉल केला. पत्ते दाखवावे लागले ते वेगळंच, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसरी, दोनच माणसांचे हात आहेत. तिघं पॉटमध्ये असताना काय, यावर एक अक्षर नाही. साधा हिशोब आहे, अर्धा पॉट मारलात तर ३३ टक्के वेळा पॉट मिळायला हवा, समोर एकटा असेल तर त्याने एक तृतीयांश वेळा टाकलं की झालं, पण दोघं असतील तर दोघांनीही टाकायला हवं, म्हणजे प्रत्येकाने ५८ टक्के वेळा. एवढं एक पान दिलं असतं तरी चाललं असतं, कारण मित्रांच्या टेबलवर दोघांचा पॉट होतो कुठे, चार-चार जण फ्लॉप बघायला येतात.

तिसरी, रंग. फोनवर इस्पिक आणि किलवर सारखेच दिसतात, मी एकदा तीन दिवस वैतागलो होतो की फ्लश ड्रॉ असून मला लाल का देतोय, बघतो तर एक इस्पिक एक किलवर. चार रंगांचे पत्ते करायची सोय आहे पण सेटिंगच्या इतक्या आत पुरून ठेवलीय की उत्खनन करावं लागतं. घेणार असाल तर पहिलं काम ते करा.

चौथी शिवी अर्धी मागे घेतो. बऱ्याच हातात सॉल्व्हर म्हणतो ४५ टक्के वेळा मार, ५५ टक्के वेळा चेक, दोन्हीत नफा सारखाच. तरी आधी हा ट्रेनर त्यातल्या कमी वेळा खेळल्या जाणाऱ्या उत्तराला पिवळा द्यायचा आणि मी उगाच स्वतःला दोष देत बसायचो. मधल्या अपडेटमध्ये त्यांनी कोपऱ्यात १ ते १०० मधला एक आकडा दाखवायला सुरुवात केली, आकडा ४५ च्या आत आला तर मार नाहीतर चेक. मूड बघून ठरवणाऱ्या माणसाला हे औषधच. टेबलवर मी घड्याळाचा सेकंद काटा बघतो आता, मित्रांना वाटतं घरी जायची घाई आहे.

साइजबद्दल जे शिकवलंय ते बरं आहे, फार खोलात नाही. पूर्ण हवेतला ब्लफ असेल तर पॉटचा एक तृतीयांश मारल्यावर २५ टक्के वेळा समोरच्याने टाकायला हवं, पाऊण पॉटला ४३, पॉटला ५०, दुप्पट पॉटला ६७. हे पाठ करून घेतात, चांगलं करतात. कारण रिव्हरला माझ्या डोक्यात जो आवाज यायचा तो असा की इतके घातलेत आता अजून घालू, नाहीतर आधीचे वाया. बुडत्याचा पाय खोलात. आधी घातलेले पॉटचे झाले, तुमचे राहिले नाहीत, आता प्रश्न फक्त एवढा की हा बेट मारला तर हा माणूस ४३ टक्के वेळा टाकतो का. हो वाटलं तर मार, नाही वाटलं तर चेक. एवढा कोरडा प्रश्न विचारायची सवय लागली की बराच ताप कमी होतो, निदान माझा झाला.

५ पैकी साडेतीन देईन. फ्लॉपपर्यंतचा खेळ ज्यांचा ठीक आहे आणि टर्नला हात थांबतो त्यांनी घ्या, महिन्याभराचा घेऊन बघा, वर्षाचा घेऊ नका. नवीन खेळणाऱ्यांनी अजिबात नको, ब्लफच्या नादाला लागाल आणि चांगला हात असताना पैसे कसे काढायचे तेच राहून जाईल. तीन-चार जणांच्या पॉटमध्येच खेळत असाल तर पण थांबा.

मी सध्या सबस्क्रिप्शन पॉज करून ठेवलंय, समोरच्याची सवय बदलायची सोय आली तर परत चालू करेन. परवा मित्राबरोबर खेळताना पुन्हा तसाच हात आला, फ्लॉप मारला, टर्न मारला, रिव्हरला हातात चुकलेला बदाम. हात सवयीने चिप्सकडे गेलाच होता, मागे घेतला आणि चेक केलं. त्याने तिसऱ्या नंबरची जोडी उलटी केली, पॉट ओढता ओढता म्हणाला, "मारला असतास ना, तर टाकणार होतो रे." आता हा खरं बोलत होता की ही त्याची थाप होती, यावर माझा ट्रेनर काहीच सांगत नाही.